कुडाचे कान : गुप्ततेविषयीच्या मराठी म्हणींचा अर्थविचार

म्हणींच्या संग्रहात एखादी म्हण शोधावयास गेले असता तिचा अर्थ बहुधा एका वाक्यात हाती येतो. 'कुडास कान, ठेवी ध्यान' ह्या म्हणीचा अर्थ गुप्त गोष्ट बोलताना सावध असावे. 'कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही' हिचा अर्थ सत्य फार काळ लपत नाही. 'लेकी बोले सुने लागे' हिचा अर्थ एकास बोलून दुसऱ्यास टोचणे. शाळेतील मुलास इतके पुरते. परंतु ह्या म्हणी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या म्हणजे असे दिसून येते की, त्या सर्व एकाच सावधगिरीचा उपदेश करीत नाहीत. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि ऐकल्याचे कबूल करण्याची मुभा कोणास, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक म्हणीत निराळी आहेत. कोशातील एकवाक्यी अर्थात नेमका हाच भाग गळून पडतो.

ही उणीव संग्राहकांच्या आळसामुळे आलेली नाही. ती रचनेतूनच आली आहे. रेव्हरंड मॅनवेअरिंग ह्यांनी 1899 साली प्रसिद्ध केलेल्या मराठी म्हणींच्या संग्रहात विषयवार विभागणी आहे : शेती, प्राणी, शरीराचे अवयव, घर, नातीगोती, व्यवसाय इत्यादी. दाते आणि कर्वे ह्यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'त वर्णानुक्रम आहे. दोन्ही पद्धती उपयुक्तच आहेत. तथापि विषयवार मांडणीत कान अवयवांत जावयाचा, भिंत घरात, कोंबडे प्राण्यांत आणि सून नात्यागोत्यांत. वर्णानुक्रमात तर अक्षरापलीकडे कोणताच संबंध उरत नाही. म्हणीत कोणती वस्तू आली आहे हे अशा मांडणीत कळते. ती म्हण कोणत्या प्रसंगी कोणी कोणास ऐकविली हे कळत नाही. गुप्ततेच्या म्हणींना तर प्रसंग हाच प्राण आहे.

प्रथम कुडाचा विचार करणे सोयीचे होईल. आज सर्रास वापरात आहे तो 'भिंतीला कान असतात' हा प्रयोग. ह्या कल्पनेस देशाची सीमा नाही. हिंदीत दिवारीला कान आहेत, फारसीत आहेत, इंग्रजीतही आहेत. फारसीत तर भिंतीत उंदीर असून त्या उंदराला कान आहेत, अशी एक पायरी अधिक. दगडविटांच्या जाड भिंतीस कान असणे हा कविकल्पनेचा भाग होय, कारण अशा भिंतीतून वस्तुतः काही ऐकू जात नाही. ह्या कल्पनेला जन्म दिला असेल तर तो राजवाड्याने, जेथे भिंतीआड माणूस उभा करण्याइतका पैसा आणि संशय दोन्ही असतात.

कुडाची गोष्ट निराळी. कारवीच्या काठ्या, बांबू, तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या बांधून वर शेणमातीचा गिलावा दिला की कूड तयार होतो. कोकणातील कुडामेडीच्या घरात काय किंवा देशावरील साध्या घरात काय, दोन खोल्यांमध्ये असे ते एवढेच. लिंपण वाळले की भेगा पडतात, आणि भेगा पडल्या नाहीत तरी पलीकडचा सुस्काराही अलीकडे ऐकू येतो. तेव्हा कुडास कान आहेत असे म्हणणे म्हणजे उपमा देणे नव्हे, घराचे यथातथ्य वर्णन करणे होय. राजवाड्यातील भिंत ऐकते ती कोणी मुद्दाम ऐकतो म्हणून. कुडाच्या घरात कोणी मुद्दाम ऐकण्याची आवश्यकताच नाही. ऐकणे ही तेथील स्थिती आहे, कृती नव्हे. म्हणीच्या उत्तरार्धाकडेही पाहण्यासारखे आहे. 'ठेवी ध्यान' ह्यातील 'ठेवी' हे रूप आज्ञार्थी घेतले तर बोलणाऱ्यास इशारा मिळतो, आणि सामान्यतः अर्थ तसाच केला जातो. परंतु जुन्या मराठीच्या वळणाने ते वर्तमानकाळी तृतीय पुरुषाचे रूप मानले, तर ध्यान ठेवणारा तो कूडच ठरतो. यमकासाठी म्हण जुळविणाऱ्याने इतका विचार केला असेल असे नव्हे. पण दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि दुसरा अधिक बोलका आहे.

कुडाच्या घरातून दरबाराकडे वळले की हिशेब बदलतो. 'षट्कर्णी होणे' हा प्रयोग संस्कृत नीतिग्रंथांतून आला. पंचतंत्र आणि हितोपदेश ह्यांत मसलतीचा नियम कानांच्या संख्येत सांगितला आहे : राजा आणि मंत्री मिळून चार कान, तेथपर्यंत मसलत सुरक्षित, तिसरा माणूस आला, कान सहा झाले, की ती फुटली. माणसे न मोजता कान मोजणे ही ह्या कल्पनेतील मार्मिक गोष्ट आहे. तिसऱ्या माणसाचे तोंड हिशेबात धरलेलेच नाही. तो बोलेल की नाही हा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच, केवळ त्याने ऐकले एवढ्यावर मसलत फुटलेली आहे. मराठीने हा प्रयोग स्वीकारला आणि सैल केला. मराठीत षट्कर्णी झालेली गोष्ट तिसऱ्यास कळून थांबत नाही, ती सर्वत्र पसरते. सहा कानांचा अर्थ गावभर कान असा होऊन बसला.

ह्याच्या उलट टोकास मराठीचा स्वतःचा प्रयोग आहे : 'ह्या कानाचे त्या कानाला कळू न देणे'. येथे दोन कान कोणाचे? सहज ऐकणाऱ्यास दोन माणसांचे वाटतात. 'कर्णोपकर्णी' ह्या शब्दात ते तसे आहेतही. परंतु 'ह्या' आणि 'त्या' ही दर्शके ज्या रीतीने येतात ती पाहता एकाच मस्तकाचे दोन कान अभिप्रेत असण्याचा संभव अधिक. म्हणजे दरबाराची मर्यादा चार कानांची, तर घराची एका कानाची! ज्या घरात कूड ऐकतो तेथे आपल्याच दुसऱ्या कानाचाही भरवसा धरता येत नाही. ही अतिशयोक्ती खरी, पण ती कशामुळे करावी लागली हे कुडाकडे पाहिल्यावर उमगते.

ऐकणे ही स्थिती होती ह्याचा आणखी एक पुरावा शब्दसंग्रहात सापडतो. बातमी वाहून नेणाऱ्यास मराठीत नावांची वाण नाही : चहाडखोर, चुगलखोर, कळलाव्या, घरभेद्या, कळीचा नारद. परंतु जो नुसता आडून ऐकतो, त्यास रोजच्या बोलीत रुळलेले एकशब्दी नाव नाही. 'चोरून ऐकणारा' असे फोडून सांगावे लागते. 'हेर' आहे, पण हेर हा पगारी माणूस; माजघराच्या दाराशी उभ्या असलेल्या जावेस कोणी हेर म्हणत नाही. उलट 'कानोसा घेणे' हा प्रयोग निर्दोष आहे. रात्री कुत्रे भुंकले असता घरधनी कानोसा घेतो, आजाऱ्याच्या खोलीत शिरण्यापूर्वी आई कानोसा घेते. त्यात चोरी नाही. भाषेने दोष ठेवला आहे तो वाहतुकीवर, श्रवणावर नव्हे. 'हलक्या कानाचा' हा शब्द ह्यास अपवाद वाटेल. पण तेथेही दोष ऐकण्याचा नसून ऐकलेले तत्काळ खरे मानण्याचा आहे. शिवाय तो शब्द बहुधा अधिकार असलेल्या माणसास लागतो : मालक, सासरा, संस्थेचा अध्यक्ष. ज्याच्या विश्वासाने कोणाचे बरेवाईट व्हावयाचे नाही, त्याचा कान हलका की जड ह्याची कोणी चौकशी करीत नाही.

वाहतुकीवरील दोषाचा मोठा भाग स्त्रियांच्या वाट्यास आला आहे, आणि येथे म्हणींचा साक्षीपुरावा तपासून घेणे अगत्याचे आहे. 'तोंडात तीळ भिजत नाही' ही म्हण रचनेने अत्यंत सुंदर आहे. तीळ तो केवढा, आणि तोंडात भिजावयास त्यास वेळ तो किती लागणार! तेवढा वेळही तोंड मिटलेले राहत नाही. ही म्हण पुरुषासही लागू पडते, परंतु तिचा रोख पुष्कळदा बायकांकडे असतो. आणि त्याच्या समर्थनार्थ महाभारतातील शापाची कथा सांगितली जाते. युद्धानंतर कर्ण हा आपलाच ज्येष्ठ पुत्र, हे कुंतीने पांडवांस सांगितले. शांतिपर्वात युधिष्ठिर शोकाच्या भरात शाप देतो की, ह्यापुढे स्त्रियांच्या पोटी गुपित राहणार नाही. कथेचा हा शेवट सर्वांच्या स्मरणात आहे. तिचा आरंभ मात्र विसरला जातो. संपूर्ण महाभारतात इतके दीर्घकाळ, इतक्या यातना सोसून आणि इतक्या पूर्णतेने जपलेले दुसरे गुपित शोधावयास गेले तर सहसा सापडत नाही. कुंतीने ते कौमार्यापासून पुत्राच्या मृत्यूपर्यंत पोटात ठेवले. शाप मिळाला तो गुपित फुटले म्हणून नव्हे; ते फुटले नाही म्हणून. स्त्रीच्या पोटात काही राहत नाही ह्या समजुतीचा पौराणिक आधार म्हणून जी कथा पुढे केली जाते, ती त्या समजुतीचे खंडनच करते.

आता 'लेकी बोले सुने लागे' ह्या म्हणीकडे वळावयाचे. गुप्ततेच्या म्हणींत हिची गणना सहसा होत नाही, कारण हिच्यात लपविण्यासारखे काही नाही. तरीही ऐकू जाण्याच्या संबंधात मराठीने केलेला सर्वांत सूक्ष्म विचार हिच्यात आहे. सासू लेकीस रागावते : अशी कशी ग तू वेंधळी, दूध उतू गेले तरी लक्ष नाही. दूध उतू घालविले आहे सुनेने. लेकीस ते ठाऊक आहे, सुनेस ठाऊक आहे, आणि सासूस तर आहेच. हे बोलणे चोरून ऐकले जावे ह्यासाठीच केलेले आहे. कुडास कान आहेत ही धास्तीची गोष्ट येथे सोयीची झाली. लेक ही त्या प्रसंगी मुलगी नसून कूड आहे.

'एकास बोलून दुसऱ्यास टोचणे' ह्या कोशीय अर्थात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे सुनेची कोंडी. ती उत्तर देऊ शकत नाही. उत्तर द्यावयाचे म्हटले तर आपणास उद्देशून न बोललेले आपण ऐकले, आणि ते आपणास लागू करून घेतले, हे दोन्ही कबूल करावे लागते. मग 'तुला कोण बोलले?' हा सासूचा प्रश्न तयार असतो. म्हणजे बोलणे पोहोचले, आणि ते बोललेच गेले नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरे ठरते. बोलण्याची जबाबदारी न घेता बोलण्याचे फळ घेण्याची ही युक्ती आहे. ती कोणास उपलब्ध आहे? ज्याच्या हाताशी दुसऱ्या कोणास रागावण्याचा अधिकार आहे, त्यासच. सुनेस लेक नाही. असलीच तर ती अजून पाळण्यात आहे. म्हणून 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण उलटी करता येत नाही. 'सुने बोले लेकी लागे' असे कोणी म्हणत नाही, आणि ह्या न म्हणण्यातच त्या घराची सत्ता कोणाकडे होती हे स्पष्ट होते. ह्या म्हणीस केवळ टोमण्याचे उदाहरण म्हणून शिकविणे हा अर्थ अपुरा तर आहेच, पण तो अन्यायकारकही आहे. कारण त्यात म्हणीतील दुसरे पात्र, जिला लागते ती, अदृश्य होते.

सुनेस मग बोलण्यास जागा कोठे होती? येथे अ. कृ. रामानुजन ह्यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय लोककथांच्या संग्रहातील एका तमिळ कथेची आठवण होते. तिच्यातील दुःखी विधवेस मुलगे आणि सुना छळतात, म्हणजे नाती महाराष्ट्रातील म्हणीच्या उलट आहेत. तिला मन मोकळे करण्यास कोणी नाही. न बोललेले साठत जाऊन ती फुगत चालली आहे. एके दिवशी ती पडक्या घरात शिरते आणि चार भिंतींस आपली चार दुःखे सांगते. प्रत्येक कथनासरशी एकेक भिंत कोसळते आणि तिचे अंग हलके होत जाते. भिंतीला कान असतात ह्या धास्तीचे रूप ह्या कथेत पार पालटले आहे : भिंतीला कान आहेत हाच दिलासा, आणि ते ओझे भिंतीलाही पेलत नाही.

मराठी सुनेची भिंत म्हणजे जाते. पहाटेच्या काळोखात, घर निजलेले असताना, ती दळावयास बसे आणि ओवी गाई. जात्यास ईश्वर म्हणून संबोधणे, त्याच्याशी बोलणे हे ओव्यांत पुनःपुन्हा येते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरंभिलेल्या कामातून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत माहेरचे गुणगान आहे तसा सासरचा जाचही आहे. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, हे गाणे एकांतातले नाही. जात्याची घरघर असली तरी कूड तोच आहे, आणि घर निजलेले आहे असे सर्वांनी मानावयाचे आहे. सासूस ऐकू जाते. पण ऐकल्याचे कबूल करावयाचे म्हणजे दळणारणीने जात्यास सांगितलेले आपण अंगास लावून घेतले असे होणार. 'लेकी बोले'ची कोंडी येथे उलटली आहे. दिवसा जी युक्ती सासूस साधते, तीच पहाटे सुनेस साधते; फरक इतकाच की सासूस त्यासाठी एक वाक्य पुरते, आणि सुनेस पायलीभर धान्य दळावे लागते. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण कामास लागले की काम सुधरते अशा अर्थाने वापरली जाते, आणि त्या अर्थास बाध आणण्याचे कारण नाही. तरी ओवी जात्यावरच का सुचे, ह्याचे एक कारण त्या आवाजाच्या आडोशातही शोधावे लागेल.

गुपित उघडकीस येण्याचे वाक्प्रचार पुष्कळ असले तरी ते कमी सूक्ष्म आहेत. गुपित, बिंग, भांडे ही सर्व 'फुटतात'. वृत्तपत्रांनी रूढ केलेला 'गौप्यस्फोट' हा त्याच कल्पनेचा संस्कृत अवतार. फुटल्यानंतर गोष्ट चव्हाट्यावर येते किंवा वेशीला टांगली जाते, म्हणजे घराबाहेर पडून गावाच्या मालकीची होते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ह्या म्हणीत मात्र थोडा खट्याळपणा आहे. मुठीत काय आहे ह्याविषयी ती अवाक्षर काढीत नाही. किंमत आहे ती झाकण्याची. उघडली असता काय निघेल ह्याचा अंदाज म्हण सांगणाऱ्यास असावा, कारण ज्याच्या मुठीत खरोखरच सव्वा लाख आहेत त्यास ही म्हण ऐकविण्याचा प्रसंग येत नाही. 'ताकाला जाऊन भांडे लपविणे' ह्यात तर गुपितच नाही; आहे तो संकोच, आणि तोही अशा वस्तूचा की जी शेजारी फुकट देतात. 'चोरीचा मामला, हळूहळू बोंबला' हिच्यात ऐकू जाण्याचे भय विनोदात मुरले आहे. ज्याचे चोरीचे धन चोरीस गेले, त्याने बोंब तर मारावयाची, पण हळू.

जेथे कानांपासून सुटका नाही तेथे बोलणे कानांवाचून करावे लागते, आणि त्यासाठीही शब्द आहेत : नेत्रपल्लवी, करपल्लवी. करपल्लवी म्हणजे केवळ काव्यातील प्रेमिकांचे खूण करणे नव्हे. शेतमालाच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत होती. तिला हत्ता म्हणत. दहा माणसांच्या गराड्यात दोघांचा सौदा होई आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असून त्यास भाव कळत नसे. नियंत्रित बाजारपेठांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो ह्याच कारणास्तव. येथे गुप्तता ही दुबळ्याचे संरक्षण नसून दलालाचे हत्यार होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे गुप्ततेविषयीच्या म्हणींस सरसकट शहाणपण समजण्याची चूक होणार नाही.

सांकेतिक बोलण्याचे मराठी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1761 सालचे आहे. पानिपतचा संहार झाल्यावर ती वार्ता प्रथम पोहोचली ती सावकारी पत्रातून : दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि अगणित खुर्दा ह्यांच्या नुकसानीचा तो हिशेब होता. ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात सांगितले आहे की, हे पत्र पेशव्यांच्या नावाचे नव्हते. सावकारांचा कासीद औरंगाबादेकडे चालला होता. वाटेत बाळाजी बाजीरावांची गाठ पडली आणि पत्र फोडले गेले. म्हणजे भाऊ आणि विश्वासराव गेल्याचे पेशव्यास कळले ते दुसऱ्याचे बोलणे आडून ऐकल्यासारखेच. संकेत परक्यास कळू नये म्हणून योजला होता. परंतु त्यातील दोन मोत्यांपैकी एकाचा पिता आणि दुसऱ्याचा चुलतभाऊ असलेल्या वाचकापासून तो काहीही लपवू शकला नाही. लेखी गुपिताचे हे संकट वेगळे, आणि त्यावर मराठीने फारशा म्हणी केल्या नाहीत. 'ध चा मा करणे' हा एक प्रयोग आहे, आणि तो नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील वधाशी लोकांनी जोडला आहे. पण त्यातही तक्रार पत्र फुटल्याची नाही, बदलल्याची आहे. मराठी म्हणींचे गुपित बव्हंशी कानाचे राहिले, डोळ्याचे झाले नाही.

कूड गेला, त्याबरोबर 'कुडास कान' ही म्हणही बोलण्यातून जवळजवळ गेली; भिंतीची म्हण टिकली. सिमेंटच्या घरात दार लावले की बोलणे आत राहते, आणि ज्यास चोरून ऐकावयाचे आहे त्यास दुसरी साधने आहेत. 'लेकी बोले सुने लागे' मात्र घर सोडून सभागृहात, समितीच्या बैठकीत आणि अग्रलेखात सुखाने नांदत आहे. तेथे लेक कोण आणि सून कोण हे बदलते. न बोललेल्यास उत्तर देता न येण्याची अडचण तीच राहते.

ह्या म्हणी ज्यांनी लिहून घेतल्या ते बहुतेक पुरुष होते, आणि त्यांची बैठक ओटीवर होती. माजघरातील बोलणे त्यांच्यापर्यंत आले ते कुडातून. म्हणून संग्रहांत सासूची म्हण आहे, सुनेची ओवी नाही. ती निराळ्या दप्तरात, निराळ्या शास्त्राच्या नावाखाली जमा झाली. म्हणींचे संग्रह आणि ओव्यांचे संग्रह एकत्र ठेवून, एकाच घरातील दोन आवाज म्हणून वाचले, तर 'लागे' ह्या क्रियापदापुढे काय घडले हे तपासता येईल. 'लागले' असे सुनेने स्वतः कोठे आणि कोणत्या शब्दांत म्हटले आहे, हा शोध घेण्यास लाखभर ओव्यांची सामग्री उपलब्ध आहे.